लाल म्हणजे चालू

आमच्या घरातल्या इंटरनेटच्या डब्याकडे आता कुणी बघत नाही. टीव्हीमागे धूळ खात तो पडलेला असतो. बंद पडला तर मुलगी मोबाईलवरून तक्रार टाकते, माणूस येतो, वायर ओढून बघतो आणि जातो. कोणता दिवा कशाचा हे घरात माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही आणि मला विचारायची कुणाला गरजही पडत नाही. मी मात्र झाडताना दरवेळी वाकून बघते. बघून होतं काय, तर काही नाही. त्या दिव्यांच्या पलीकडे माझी वाट बघणारं एक माणूस होतं, ते आता नाही, एवढंच पुन्हा कळतं. तरी बघते.

माझे बाबा अकोल्याला जिनात फिटर होते. जीन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. लांबलचक शेड, दोन्ही बाजूंनी मशिनींच्या रांगा, चामड्याचे रोल फिरतायत, सुऱ्या खालीवर आपटतायत आणि हवेत सगळीकडे रुई. त्या खडखडाटात शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला ऐकू जात नसे. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलत. दोन्ही अंगठ्यांनी हवेत धागा ओढला की रुई. बोट गोल फिरवलं की चालू, मूठ मिटली की बंद, तळहात पालथा केला की करंट गेला. मालक येतोय हे सांगायला पोटावरून हात फिरवत, कारण मालकाचं पोट आधी येई आणि मालक मागाहून.

ही भाषा बाबांबरोबर घरी आली. आईची खूण मनगटावर दोन बोटं, बांगड्यांची. माझी खूण कानाची पाळी. माझे कान टोचताना मी सोनाराच्या दुकानात जो तमाशा केला होता, त्यावरून बाबांनी ती ठरवली. मला बोलवायचं असलं की ते भिंतीवर थाप मारत, आणि मी वळले की आपल्या कानाची पाळी चिमटीत धरत. शाळेत, सासरी, नोकरीत मला माझ्या नावानं कितीतरी जणांनी हाक मारली. त्यातली एकही मला त्या खुणेइतकी माझी वाटली नाही.

बाबांचे कान हळूहळू गेले, जिनात जातात तसे. आधी कुजबुज गेली, मग पाखरं गेली, मग आईचं बोलणं. मी कॉलेजात होते तोवर दारात फटाका वाजला तरी ते पेपर वाचत बसलेले असायचे. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं. ते दोनेक दिवस घातलं आणि याच्यात नुसतं जीन चालू आहे म्हणून कपाटात टाकून दिलं. त्यांना त्याचं विशेष वाईटही वाटत नव्हतं. घरात आम्ही तिघं, तिघांनाही हातांनी बोलता येत होतं, वर शेजाऱ्यांना न कळता भांडताही येत होतं.

अडचण झाली ती माझ्या लग्नानंतर. मी अमरावतीला आले. अकोला काही सातासमुद्रापार नाही, बसनं अर्ध्या दिवसाचंही काम नाही. पण हात तेवढ्या लांबून दिसत नाहीत. मी फोन केला की आईच घ्यायची. बाबा शेजारी उभे राहून हात हलवून पुराण सांगत असणार, हे मला आईच्या बांगड्यांच्या आवाजावरून कळायचं, कारण तीही त्यांना हातांनीच गप्प करत असे. आणि मला सांगायची काय, तर बरे आहेत. मी चिडायचे. एवढा वेळ ते सांगतायत ते काय, असं विचारलं की ती म्हणायची, काही नाही गं, नेहमीचंच. त्यांचं नेहमीचंच तर मला हवं असायचं.

मग आई गेली.

त्यानंतर बाबांनी एक रीत पाडली. संध्याकाळी ठरल्या वेळेला मी फोन लावायचा. ते आधीच टेलिफोनवर तळहात ठेवून बसलेले असत. घंटा वाजली की ती त्यांच्या हाताला कळे. रिसीव्हर उचलून ते त्यांच्या त्या फार मोठ्या, सपाट आवाजात बोलायला लागत. मी बरा हाये. आज भाजी काय केली तुनं? आणि मग थांबत. उत्तराला लागेल तेवढा वेळ थांबत आणि पुढचं बोलत. जावई बरे हायेत ना? पुन्हा थांबत. त्या मधल्या वेळात मी खरोखर उत्तर देत असे. वांग्याची केली, बाबा. बरे आहेत, बाबा. कुणासाठी देत होते कोण जाणे. शेवटी ठेवतो म्हणत आणि ठेवून देत. त्या फोननंतर मला जेवण जात नसे.

लोक म्हणत, आणा की त्यांना इकडे. जणू मी नको म्हणत होते. आधी त्यांनी लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये वगैरे जुनं पुढे केलं, आणि मी हसले तेव्हा खरं कारण सांगितलं. दसरा झाला की जीन. ते कारण मला तोडता येत नव्हतं. अकोल्यातली जिनं तेव्हा एकेक करून मिटत होती. वऱ्हाडाला कापसानं दगा दिला होता. निम्मी शेतं सोयाबीनकडे वळलेली, आणि रोज सकाळी पेपरात कुठल्या ना कुठल्या गावच्या शेतकऱ्याची तसली बातमी. बाबा ते पान आतल्या बाजूला दुमडूनच पेपर खाली ठेवत. त्यांचं जुनं जीन भंगारात गेलं, मशिनी वजनावर विकल्या. बार्शीटाकळीच्या रस्त्यावर एक जीन उरलं होतं. त्याचा हंगाम आखडत चालला होता, पण मशीन उघडायची म्हटली की ते लोक बाबांनाच बोलावत. बहिरा फिटर काय कामाचा, असं तिथं कुणी विचारत नसे. मशिनीच्या अंगावर तळहात ठेवला की त्यांना कळायचं ते कळे. वर्षातले तेवढे दिवस बाबा पुन्हा बाबा व्हायचे. खांदे सरळ, चाल भरभर.

कॉम्प्युटरची कल्पना माझ्या नवऱ्याची. हा माणूस घरात सहसा कल्पना काढत नाही, म्हणून मला पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. तो म्हणाला, त्यांना ऐकू येत नाही, दिसतं तर ना? घरी टेलिफोनची लाईन आहे, तिच्यावरच इंटरनेट घेऊ, जुना कॉम्प्युटर बसवू, वर कॅमेरा लावू. मी कपाळावर हात मारला. वर्षभर मी रडत होते आणि उपाय शेजारच्या पलंगावर घोरत होता.

बाबांचा डबा बसला तेव्हा मी मुद्दाम रजा काढून अकोल्याला गेले. बाबांनी तो आधी उलटापालटा करून बघितला, कुठे स्क्रू आहे ते शोधलं. मग मी त्यांना चार दिवे शिकवले. पहिला करंटचा. दुसरा लाईनचा, तो आधी मिचमिच करतो, टेलिफोनच्या ऑफिसशी सूत जुळलं की स्थिर होतो. तिसरा इंटरनेटचा. चौथा कॉम्प्युटरच्या वायरीचा, तो लुकलुकतच राहणार, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. चारही लागले की खुर्चीत बसायचं, मी येते. हे सगळं हातांनी सांगितलं. दिव्याची खूण आमच्याकडे होती, पाच बोटं एकदम उघडायची. रंग सांगायचं माझ्या मनातही आलं नाही. चारही हिरवेच होते.

तेव्हा भारनियमनाचे दिवस. वीज कमी आणि तिच्या वेळापत्रकाची चर्चा जास्त. ऐन बोलण्याच्या वेळी वीज जायची, म्हणून आम्ही बाबांकडे एक इन्व्हर्टर बसवला, त्यावर एक दिवा, कॉम्प्युटर आणि तो डबा. पंख्याशिवाय चालेल, पण डबा बंद पडता कामा नये, असं बाबांनीच ठरवलं.

आणि मग आम्ही बोललो. काय बोललो ते सांगून समजणार नाही, कारण ते नेहमीचंच होतं. पहिल्या दिवशी पडद्यावर बाबा दिसले, ताजी दाढी केलेले, मान ताठ, फोटो काढायला बसल्यासारखे. त्यांनी कानाची पाळी धरली. मी रडले, तर त्यांनी तळहात पालथा केला, करंट गेला का म्हणून विचारलं. लाईन धीमी होती. हात भरभर हलवले की पडद्यावर नुसता पांढरा फराटा उमटे आणि चित्र मध्येच अडकून बसे. मग बाबा डब्याकडे वाकून बघत आणि चित्र सुटायची वाट पाहत. हळू बोलायला शिकावं लागलं आम्हाला. बाबांना उभ्या आयुष्यात कुणी हळू बोला म्हटलं नव्हतं. ते एकेक खूण सावकाश, गोल गोल करायला लागले. आईच्या आजारपणातलं पुष्कळ काही त्यांनी मला तेव्हा सांगितलं, जे आईनं फोनवर कधीच येऊ दिलं नव्हतं. जावयाची चौकशी ते मिशीला पीळ देऊन करत. माझ्या नवऱ्याला मिशी नाही. पण त्याला तेवढी एकच खूण कळते, आणि ती दिसली की तो कुठूनही येऊन मागे उभा राहायचा आणि मिशी पिळून दाखवायचा. लग्नाआधी मी बाबांबरोबर जेवढी होते, त्याहून त्या दिवसांत जास्त होते. खोटं कशाला बोलू, आई असताना ते पूर्ण माझे कधीच नव्हते.

आमचा बोलायचा वार ठरलेला असे. उन्हाळा संपता संपता तसल्याच एका संध्याकाळी बाबा पडद्यावर आले नाहीत. वीज गेली असेल म्हटलं. मग इन्व्हर्टर आहे हे आठवलं. शेजारच्या चाचांना मोबाईल लावला. चाचा पिंजारी, गाद्या भरायचे. जिनातली आखूड रुई न्यायला यायचे तेव्हापासून बाबांशी त्यांचा दोस्ताना. हिंदी आणि वऱ्हाडी यांची त्यांनी आपली अशी एक खिचडी केलेली होती. जाऊन आले आणि म्हणाले, “बेटी, ते त मशीनसमोर बैठे हैं. तेल लावून, कंघी करून. लाल लगा है, चालू हाये म्हणते. पोरगी येऊन रायली म्हणते.”

मला यातलं बैठे हैं तेवढंच ऐकायचं होतं. माणूस धड आहे. मग डबा बिघडला असणार. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं टेलिफोनच्या ऑफिसात विचारलं. ते म्हणाले, तिसरा दिवा लाल म्हणजे लाईन आहे पण इंटरनेट नाही. डबा एकदा बंद करून पुन्हा चालू करा, बहुतेक सुटेल. एवढ्याशा कामाला काय. चाचांना पुन्हा फोन केला, प्लग काढून परत लावा म्हटलं. थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला. बाबांनी त्यांचं मनगट पकडलं होतं. चालत्या मशीनीचा करंट तोडतेत काय कोनी, म्हणून वर झापलं होतं. चाचा दुखावले नव्हते, पण पुन्हा जाणार नाही म्हणाले, “हाथ बहुत कडक है उनका.”

एरवी वीज जात होती तेव्हा डबा आपोआप बंद-चालू झाला असता. पण इन्व्हर्टर बसवून आम्ही तीही सोय ठेवली नव्हती. ठरलेला वार गेला, त्यापुढचाही गेला. युनिटमध्ये ऑर्डरचं काम होतं, रजा मिळत नव्हती. नांदगाव पेठला कापडाच्या युनिटमध्ये मी चेकिंगला होते. उजेडाच्या टेबलावरून कापड सरकत जातं आणि आपण तुटलेला धागा बघायचा. त्या दिवसांत माझ्या हातून कितीतरी धागे निसटले असतील. बाबांनी असा हट्ट कधी केला नव्हता. म्हातारपण आता डोक्यात चाललंय की काय, या विचारानं मी इतकी घाबरले की नवऱ्याशी उगाच भांडले.

सुटी मिळाली त्या सकाळी पहिली बस पकडली. दार उघडंच होतं. बाबा खुर्चीत, अंगात इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. जेवणाचं ताट खुर्चीजवळ खालीच, म्हणजे तिथंच जेवत होते. मी भिंतीवर थाप मारली. जमिनीतून ती त्यांना कळली असणार, ते वळले, मला बघितलं, पुन्हा डब्याकडे बघितलं. चेहऱ्यावर आनंद होता आणि त्याच्यावर राग चढला.

“इथं हाये तू?” ते ओरडून म्हणाले. “मंग लाईनवर कोन हाये? चालू दाखवते अन् तोंड काहून दाखवत नाई?”

मी मूठ मिटली. बंद. लाल म्हणजे बंद. त्यांनी मान हलवली, बोट गोल फिरवलं. लाल म्हणजे चालू. मी हिरव्याकडे बोट केलं, हा चालू. त्यांनी मूठ मिटली. आम्ही दोघं त्या डब्यासमोर उभं राहून चालू-बंद, चालू-बंद करत होतो, दोघंही तापलेले. मग ते दमले आणि त्यांनी एक वेगळीच खूण केली. डाव्या हाताचा उभा तळहात म्हणजे भिंत, त्यावर उजव्या हातानं दोन दिवे.

आणि मला जिनातलं ते खोकं दिसलं. लहानपणी मी त्यांचा जेवणाचा डबा घेऊन जिनात जायचे. शेडच्या दाराशी भिंतीवर स्टार्टरचं लोखंडी खोकं होतं, वर दोन दिवे. आईनं बजावलेलं असायचं, हिरवा लागलेला असला तरच आत जा. हिरवा म्हणजे करंट आलेला आहे, पण मशिनी थांबलेल्या. लाल म्हणजे सगळं चालू, उंबऱ्याबाहेर थांबायचं. रोज मी ज्या युनिटमध्ये जात होते तिथंही मशीन फिरत असताना पॅनेलवर लालच दिवा असतो, आणि मी त्याच्यासमोरून डबा खायला जायचे. जिथं हात तुटतो तिथं चालूला लाल, आणि जिथं फक्त बोलायचं असतं तिथं चालूला हिरवा. दोन्ही आपापल्या जागी बरोबरच.

बाबांनी चार हिरवे दिवे कसे वाचले होते ते तेव्हा मला समजलं. करंट आहे, लाईन तयार आहे, मशीन थांबलेली आहे, पोरगी अजून आलेली नाही. मी आले की ते माझ्याकडे बघायचे, दिव्यांकडे कोण बघतो. चित्र अडकलं की बघायचे, तेव्हा हिरवा, म्हणजे मशीन थांबलेली. मी गेले की पुन्हा हिरवे. आणि मग एक दिवस तिसरा दिवा लाल झाला. मशीन सुरू झाली. पोरगी लाईनवर आली. आता तोंड दिसेल, मग दिसेल. चालू मशीन सोडून फिटर उठत नाही. म्हणून ताटही तिथंच घेतलं होतं त्यांनी, आणि रोज शर्ट बदलला होता. मी तिकडे त्यांना वेड लागलं म्हणून रडत होते आणि ते इकडे एवढे दिवस माझ्यासमोर बसले होते. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. आमच्याकडे तशी पद्धत नाही. मी ताट उचलून मोरीत ठेवलं.

प्लग मी काढला तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. दिवे गेले. मग एकेक आला, करंटचा, लाईनचा मिचमिच करून स्थिर झाला, आणि तिसरा हिरवा. मी नवऱ्याला फोन करून कॉम्प्युटरसमोर बसवलं. हिरव्या दिव्यात त्याचं तोंड पडद्यावर उमटलं आणि त्यानं लगेच मिशी पिळली. बाबांनी आधी दिव्याकडे बघितलं, मग जावयाकडे, मग पुन्हा दिव्याकडे. मग प्लग स्वतः काढला, लावला. पुन्हा काढला, लावला. नवा स्टार्टर तपासावा तसं चाललं होतं आणि तिकडे नवरा येत होता, जात होता. शेवटी त्यांनी हिरव्याकडे बोट केलं आणि सावकाश, अगदी सावकाश, हवेत बोट गोल फिरवलं. चालू.

एवढ्यावर मिटलं असं मला वाटलं. बसमध्ये बसल्यावर मी हसलेसुद्धा.

पावसाळाभर पुन्हा आमचं सुरळीत चाललं. बाबा तरबेज झाले. मला दिसायचं, बोलायला बसण्याआधी ते डब्याकडे बघत आणि स्वतःशीच बोट गोल फिरवत. कॅमेरा बंद असेल तेव्हाही फिरवत असतील. चाचा एकदा म्हणाले, तुझे बाबा दिवसभर त्या डब्याला काय मंत्र घालत असतात? मी म्हटलं, पाठांतर चाललंय. दोघंही हसलो.

दसरा झाला. गावोगावी कापसाचा पहिला वेचा सुरू झाला होता. मला जिनाचं नाव काढायची घाई असायची, कारण त्या विषयावर बाबांचे हात जास्त रंगत. मी अंगठ्यांनी धागा ओढला, बोट फिरवलं आणि भुवया उडवल्या. जीन केव्हा सुरू?

बाबांनी मूठ मिटली.

माझ्या मनात आलं, गेलं, तेही गेलं भंगारात. मी तसं विचारलं. त्यांनी मान हलवली. जीन चालू आहे. मग त्यांनी छातीवर बोट ठेवलं आणि पुन्हा मूठ मिटली.

तब्येत? नाही. भांडण? नाही. मी खुणांवर खुणा करत सुटले, चित्र अडकायला लागलं, तशी त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि ते माईककडे वाकले. कॅमेऱ्यावर ते तोंडानं कधी बोलत नसत. हात दिसत असताना, आपल्यालाच ऐकू न येणारा आवाज लेकीला कशाला ऐकवायचा, असं त्यांना वाटे. त्या दिवशी बोलले, तसंच मोठ्यानं, मधे मधे थांबून.

“मी बंद केलं जिनात जानं. परवा मशीन उघडाले गेलतो. लाल होता, अन् माया हात पुढं गेला. मुकादमानं मांगून धरला. तुया डब्यासाठी मी मनात उलटं करून घेतलं ना आता, ते तिथंबी उलटंच दिसते. एका डोक्यात दोन नाई रायत.”

मी म्हणाले, बाबा, डबा काढून टाकू. तोंडानं म्हणाले. त्यांना ते ऐकू जाणार नव्हतंच, पण ओठ वाचले असतील, किंवा माझा चेहरा. ते हसले.

“हात गेला त तुयासंग बोलू कायनं, पोरी?”

माझे हात मांडीवर तसेच पडून राहिले. तिकडे बाबांना वाटलं चित्र अडकलं. ते खुर्चीतून वाकले आणि डब्याकडे बघितलं. दिवा हिरवाच असणार, नाहीतर ते मला दिसलेच नसते. चालू आहे, अशी त्यांनी स्वतःशीच मान हलवली, परत नीट बसले आणि माझ्या हातांकडे बघत राहिले.